बिऱ्हाड आणि भुलू

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आजवर ह्या व्यासपीठाजवळ मी आले ती फार तर समई लावण्यासाठी किंवा चहाचे पेले उचलण्यासाठी. पण गेल्या महिन्यात आपल्यांतील एका भगिनीने मला जिन्यात गाठले आणि विचारले, "आमच्या ह्यांची बदली गुवाहाटीस झाली आहे. घरात एवढेसे कुत्रे आहे. त्याला न्यावे कसे? की इथेच कोणाला देऊन टाकावे?" मी तिला उभ्या उभ्या पाऊण तास उत्तर दिले. ते चिटणीसबाईंच्या कानी गेले आणि त्या म्हणाल्या, "हेच सभेत सांगा." तेव्हा आज आपणांस कंटाळा आला, तर त्याचा दोष अर्धा माझा व अर्धा चिटणीसबाईंचा.

विषय ऐकून काही जणींना हसू आले असेल. संसाराचे इतके प्रश्न असताना कुत्र्याच्या प्रवासाचे काय घेऊन बसलात, असेही वाटेल. पण बिऱ्हाड हलवावयाचे म्हटले की बांधाबांध आपल्याच वाट्याला येते, आणि घरातले मुके जनावर कोणाच्या खात्यात जमा धरावयाचे, हा प्रश्नही शेवटी आपल्याच पुढ्यात येतो. तो माझ्यापुढे आला, तेव्हा मी त्याचे उत्तर प्रथम चुकीचे दिले होते. म्हणून सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजते.

आम्ही बावीस वर्षे कोलकात्यास होतो. (आमच्या तोंडी अजून कलकत्ताच येते, त्याची क्षमा असावी.) २०१० सालच्या पावसाळ्यात माझी मुलगी शाळेतून येताना दप्तराच्या पिशवीत एक ओले पिल्लू घेऊन आली. जात विचाराल तर आईची कळेना, बापाची कोण सांगणार? पुरते वाढल्यावरही त्याचे वजन सहा किलोंच्या वर गेले नाही. आपल्याकडे मोत्या-वाघ्या असतात, तसे बंगालात भुलू हे कुत्र्याचे घरोघरचे नाव. आमचाही भुलूच झाला.

आमच्या सासूबाई तेव्हा सत्तरीच्या पुढच्या होत्या. त्यांचे सोवळे कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "पोरीचा हट्ट आहे, तर राहू दे. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ह्याचे पाऊल पडता कामा नये, आणि मला शिवता कामा नये." आश्चर्य हे की भुलूला तो उंबरा आठ दिवसांत समजला. रोज दुपारी चार वाजता सासूबाई आपल्या पितळी डब्याचे झाकण उघडत. त्या आवाजासरशी भुलू जेथे असेल तेथून उंबऱ्याशी येऊन बसे. त्या आतून भाकरीचा एक तुकडा वरच्या वर टाकीत. सहा वर्षे हा नेम चालला. एकमेकांना स्पर्श नाही, पण चार वाजता दोघांनाही चैन पडत नसे.

२०१६ च्या मार्चमध्ये हे सेवानिवृत्त झाले. मुलीची परीक्षा आटोपून एप्रिलअखेर नाशिकला परतावयाचे ठरले. आमचे हे व्यवस्थित मनुष्य. त्यांनी वहीत यादी केली : कपाटे दोन, पलंग तीन, पुस्तकांच्या पेट्या नऊ, असे करीत "एकूण डाग ४७" अशी खाली रेघ ओढली. त्या सत्तेचाळिसांत भुलू नव्हता.

लोकांनी सल्ले भरपूर दिले. कोणी म्हणाले, पहारेकऱ्याकडे ठेवा. कोणी म्हणाले, बाजारात सोडा, बंगालात माशांची डोकी खाऊन सुखाने राहील. "कुत्र्याची जात ती, दोन दिवसांत विसरते," हे तर सगळ्यांनीच सांगितले. आणि मैत्रिणींनो, मी ते मान्य केले होते. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी माझे बोलणेही झाले होते. दमलेल्या बाईला अठ्ठेचाळिसावा डाग नको होता, एवढेच माझे समर्थन.

रात्री जेवताना मी हे घरात सांगितले. मुलगी ताटावरून उठली. तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "मला सोळाव्या वर्षी लग्न करून एसटीत बसवून दिले. कोठे जावयाचे ते ठाऊक होते, का जावयाचे तेही ठाऊक होते, तरी दोन दिवस घास उतरला नाही. पदराला आईच्या लुगड्याचा वास येत होता, तो हुंगून रात्र काढली. ह्या मुक्याला कोठे आणि का, हे कोण सांगणार? तुम्ही निघून जाल, आणि हा चार वाजता दाराशी येऊन बसेल." मग आपल्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "अरे, धर्मराजाला न्यायला इंद्र स्वतः रथ घेऊन आला होता. 'कुत्र्याला स्वर्गात जागा नाही' म्हणताच, मग मलाही नको, असे म्हणणारा तो होता. तुझ्या नाशिकचा स्वर्ग त्याहून मोठा लागून गेला नाही. तो येणार नसेल, तर मीही येत नाही."

ज्यांना त्या जनावराचा विटाळ होता, त्यांनीच त्याची बाजू घ्यावी आणि मी पेटीसारखा त्याचा हिशेब करावा, ह्याची मला त्या रात्री फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी यादीखाली ह्यांनी वेगळी ओळ लिहिली : "माणसे ४, भुलू १."

आता व्यवहाराचे बोलते, कारण नुसत्या कळकळीने कुत्रे नाशिकला पोचत नाही.

जाण्याचे मार्ग चार. पहिला विमानाचा. लहान कुत्र्यास प्रवाशाबरोबर, पायांपुढच्या जागेत मावेल अशा पिशवीत नेता येते. पण प्रत्येक कंपनीची वजनाची मर्यादा निराळी असते आणि ती पिशवीसकट मोजतात. आम्ही चौकशी केली त्या कंपनीची मर्यादा तेव्हा पाच किलोंची होती. भुलू नुसताच सहा भरला! त्यानंतरच्या वर्षांत काही कंपन्यांनी मर्यादा वाढविली आहे. काही मात्र पाळीव प्राणी नेतच नाहीत. म्हणून आपले तिकीट काढण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे. मर्यादेबाहेरचे कुत्रे पिंजऱ्यात घालून विमानाच्या पोटात ठेवतात. पग, बुलडॉग, शिट्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना तेथे मोठा धोका असतो, कारण त्यांना मुळातच श्वास पुरत नाही. कित्येक कंपन्या ह्या जाती घेतही नाहीत.

दुसरा मार्ग मोटारीचा. जवळच्या गावास तो सर्वांत सोपा. दर दोन-तीन तासांनी थांबावे, पट्टा बांधूनच खाली उतरवावे, पाणी दाखवावे. पण आमच्यापुढे सुमारे अठराशे किलोमीटर होते आणि एप्रिलचे ऊन. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. "पाचच मिनिटांत येते" म्हणून काचा लावलेल्या मोटारीत कुत्र्याला कधी ठेवू नये. आपल्यासारखा त्याला अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तो नाममात्र. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. भोवतालची हवाच तापली की तो पंखा निरुपयोगी होतो. त्याच्या अंगाची उष्णता मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, आपल्याहून अधिक. ती चढू लागली की थोड्या वेळात जिवावर बेतते. लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटू लागले, तर साधे गार पाणी अंगावर ओतावे, वारा घालावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

तिसरा व चौथा मार्ग रेल्वेचा. ए.सी. टू-टियर, थ्री-टियर, चेअर कार, स्लीपर किंवा दुसरा वर्ग ह्यांत कुत्रे बरोबर नेता येत नाही. लपवून नेल्यास दंड भरावा लागतो आणि फजिती होते ती निराळी. एक तर ब्रेकव्हॅनमध्ये कुत्र्यासाठी पेटी असते, तीत ठेवावे; नाही तर पहिल्या वर्गात, दोन शायिकांची कूपे किंवा चार शायिकांची केबिन संपूर्ण आपली असेल तर जवळ ठेवावे. दोन्ही प्रकारांत गाडीपूर्वी पार्सल ऑफिसात जाऊन नोंदणी करावी लागते. आकार सामानाच्या दराने असतो. पण तो कुत्र्याच्या खऱ्या वजनावर नव्हे, रेल्वेने ठरविलेल्या वजनावर. आमचा सहा किलोंचा भुलू रेल्वेच्या कागदावर चांगला धष्टपुष्ट झाला होता!

ब्रेकव्हॅनची पेटी मी स्टेशनावर जाऊन स्वतः पाहिली. आत अंधार, भोवती पार्सलांचे ढीग, आणि गाडी हलली की लोखंडाचा खडखडाट. ती गार्डच्या ताब्यात असते. (२०२२ पासून रेल्वेने गार्डना ट्रेन मॅनेजर असे नाव दिले आहे.) खाणेपिणे मात्र मालकानेच स्टेशनात उतरून द्यावयाचे. नाइलाज असेल तर हिवाळ्यात, रात्रीच्या थोड्या प्रवासाला ती चालेल. पण एप्रिलच्या दुपारी विदर्भातून जाणाऱ्या गाडीत ह्या जिवाला तीत ठेवण्याचे धैर्य मला झाले नाही. आम्ही चौघे होतो, म्हणून चार शायिकांची केबिन परवडली नाही तरी पेलली. मुलीसाठी ठेवलेल्या पैशांतून काही गेले. ती म्हणाली, "माझ्या वाटचे कपडे पुढच्या वर्षी घ्या."

एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. पहिल्या वर्गाची चार तिकिटे हाती आली म्हणजे चौघांना एकच केबिन मिळाली असे नव्हे. दोघे इकडे, दोघे तिकडे असेही होते. ते गाडीचा तक्ता निघतो तेव्हा समजते. म्हणून ह्यांनी आधीच रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज दिला आणि कुत्रे बरोबर असल्याचे स्पष्ट लिहिले.

कागद तीन जवळ ठेवावेत : रेबीज प्रतिबंधक लसीचा दाखला, प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्याचे ताजे प्रमाणपत्र आणि नोंदणीची पावती. रेबीजची लस पहिलीच असेल, तर ती प्रवासाच्या किमान एकवीस दिवस आधी झालेली बरी. तिचा गुण यावयास तेवढे दिवस लागतात. कोणाची मुले परदेशी असतील तर त्यांना एवढेच सांगा, की तेथे कुत्रे न्यावयाचे असल्यास तयारी महिनोन्महिने आधी सुरू करावी. अनेक देशांस कातडीखाली बसविलेली ओळखीची चिप लागते. युरोपातील देशांना भारतातून कुत्रे नेताना रेबीजची रक्ततपासणी करून पुढे तीन महिने थांबावे लागते. अमेरिकेने तर २०२४ पासून सहा महिन्यांखालील पिल्लास प्रवेशच बंद केला आहे.

प्रमाणपत्राच्या बाबतीत आपण बायकांनी अभिमान धरावा अशी एक गोष्ट आहे. जनावरांचे हाल थांबविण्यासाठी आपल्या देशात १९६० साली कायदा झाला, त्यामागे एका स्त्रीचा हात होता. त्या म्हणजे भरतनाट्यम् नृत्याला मान मिळवून देणाऱ्या आणि मद्रासेस कलाक्षेत्र स्थापन करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. १९५२ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि तेथे त्यांनी हा प्रश्न स्वतः विधेयक मांडून लावून धरला. ह्याच कायद्याखाली १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम झाले. कुत्र्याला वाटेत उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, हे त्या नियमांत लिहिलेले आहे. आपण पाणी पाजतो ती नुसती भूतदया नव्हे, तो कायदा आहे.

आता तयारी. मी पशुवैद्यांकडे गेले ती झोपेची गोळी मागण्यासाठी. वाटले, एकदा झोपला की नाशिकलाच जागा होईल. त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण मला चांगले फैलावर घेतले. म्हणाल्या, "गोळीने तो झोपेल, पण त्याचा रक्तदाब उतरेल, तोल जाईल, आणि उकाड्यात धापा टाकून अंग निववण्याची शक्ती मंदावेल. तो गप्प पडला म्हणजे सुखात आहे असे तुम्हाला वाटेल, आणि तो संकटात असेल. औषध नको, ओळख द्या. ज्यात न्यायचे आहे, ते आजपासून त्याचे घर करा."

हे वाक्य मी आजही विसरले नाही. आम्ही बाजारातून झाकणाची, हवेशीर वेताची टोपली आणली. तीत तो उभा राहील, वळेल आणि पाय पसरून निजेल एवढी. पहिला आठवडा ती नुसती कोपऱ्यात उघडी ठेवली. भुलूने ती हुंगली आणि पाठ फिरविली. मग जेवण तीत देऊ लागले. दुसऱ्या आठवड्यात तो आपण होऊन आत निजू लागला. मग झाकण पाच मिनिटे लावले, मग अर्धा तास. मग टोपलीसकट रिक्षातून फेरी मारून आणली. त्याची जुनी गोधडी मी बांधाबांधीत धुवावयास काढली होती, ती सासूबाईंनी माझ्या हातून काढून घेतली. "धुऊ नकोस. त्याच्या घराचा वास तेवढाच बरोबर जाणार आहे." एसटीतला तो पदर त्या विसरल्या नव्हत्या.

दुसरी तयारी, सभेत बोलताना संकोच वाटतो, पण आवश्यक आहे. बाहेर फिरावयास जाण्याची सवय असलेले कुत्रे गाडीत कोठे जाणार? ते बिचारे तासन् तास कळ काढते. म्हणून पंधरा दिवस आधीपासून गच्चीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राची सवय लावली. आधीच्या दिवसाचा एक तुकडा नव्या कागदावर ठेवावा, म्हणजे त्याला जागा समजते.

तिसरे जेवण. निघण्यापूर्वी चार-सहा तास हलके खाणे द्यावे, मग थोडे थोडे पाणीच. आम्ही हे कसोशीने पाळले, पण हावड्यास निरोप द्यावयास आलेल्या शेजारच्या लहानग्याने प्रेमाने दोन संदेश भुलूला भरविले. त्याचे फळ खरगपूर ओलांडण्यापूर्वीच आम्हांस मिळाले. जुनी वर्तमानपत्रे, फडकी आणि एक पिशवी हाताशी ठेवा असे सांगते ते ह्या अनुभवाने. आपल्या डब्यातलेही काही देऊ नये. कांदा, मनुका-द्राक्षे आणि चॉकलेट ही तर कुत्र्याला विषासमान आहेत, आणि प्रवासात नेमकी हीच सर्वांच्या हाती असतात.

रात्र बरी गेली. टोपली खालच्या बाकाशी होती आणि मुलीचा हात रात्रभर तिच्यावर होता. पण वर्तमानपत्राचे आमचे सारे शिक्षण हलत्या गाडीत फुकट गेले. भुलूने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. सकाळी बिलासपूर आले. तेथे गाडी जरा अधिक थांबते, म्हणून मी त्याला साखळी लावून फलाटाच्या टोकाशी मातीत नेले. आणि येथे माझ्या हातून ती चूक झाली.

भुलूच्या गळ्यात रोजचा पट्टा होता, तोही उन्हाळ्याचा म्हणून सैल केलेला. पलीकडच्या रुळांवरून मालगाडी कर्कश शिट्टी देत आली. भुलू घाबरला, मागे रेटला, आणि पट्टा कानांवरून सरकून निघाला. माझ्या हातात साखळी, साखळीला रिकामा पट्टा, आणि भुलू पार्सलांच्या हातगाड्यांमधून दिसेनासा झाला. त्या गावात त्याला ओळखणारे कोणी नाही, आणि गळ्यात नाव-पत्ता नाही, कारण तो बिल्ला माझ्या हातातल्या पट्ट्याला लटकत होता!

मी वेड्यासारखी धावले, हाका मारल्या. मी जितकी धावे तितका तो लांब पळे. पळणाऱ्या कुत्र्यामागे धावू नये, त्याला तो पाठलाग वाटतो, हे मला मागाहून समजले. मुलगी खाली उडी टाकून रडत होती. सिग्नल पडला. हे दारातून ओरडत होते, "वर या, गाडी सुटते आहे!" त्या क्षणी मी काय करणार होते, ते मला आजही सांगता येत नाही. सासूबाई, सामान गाडीत. आणि तो फलाटावर.

तेवढ्यात डब्याच्या दारातून एक आवाज आला. टण्, टण्, टण्. सासूबाई दांडीला धरून उभ्या होत्या आणि पितळी डब्यावर झाकण आपटीत होत्या. हाक नाही, ओरडणे नाही. फक्त चार वाजताचा तो आवाज. हातगाडीखालून एक नाक बाहेर आले. मग भुलू कान पाडून, सरळ त्या आवाजाच्या रोखाने धावत आला आणि पायरीखाली बसला. उंबरा समजून बसला हो! वर चढेना. गाडी हलण्याच्या बेतात. सासूबाई खाली वाकल्या आणि सहा वर्षांत ज्याला बोट लावले नव्हते, त्याला दोन्ही हातांनी उचलून त्यांनी उराशी धरले. आम्ही दोघी कशा चढलो ते आठवत नाही.

केबिनमध्ये आल्यावर कोणीच बोलेना. बऱ्याच वेळाने मी म्हटले, "सासूबाई, तुमचे सोवळे..." त्या म्हणाल्या, "प्रवासात सोवळे नसते." आणि दुपारी नागपूरच्या उन्हात सारा फलाट भट्टीसारखा तापला होता तेव्हा, आणि भुसावळला दिवेलागण उलटून गेल्यावरही, भुलू त्यांच्या मांडीवरच निजलेला होता. नागपुराहून पुढे खाली उतरण्याची पाळी आली तेव्हा ह्यांनी धोतराच्या पट्टीची छातीभोवती गाठ मारून दुहेरी बंदोबस्त केला.

म्हणून माझी विनंती आहे : गळ्याच्या पट्ट्यावर विसंबू नका. छातीभोवती बसणारा दुहेरी पट्टा घ्या. तो आधी घरात घालून, मागे ओढून पाहा. नाव, नव्या गावचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला बिल्ला त्या छातीच्या पट्ट्याला लावा. त्याचा स्पष्ट फोटो आपल्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि ज्या आवाजाला तो हमखास येतो, तो आवाज बरोबर घ्या. डबा असो, घुंगरू असो, वाटी-चमचा असो. पण ते सामानात बांधून पुढे पाठवू नका.

मध्यरात्र उलटल्यावर आम्ही नाशिक रोडला उतरलो. नव्या घरीही घाई करू नये. पहिले काही दिवस एकच खोली त्याची करावी; तीत जुनी गोधडी, जुने ताट, जुनी टोपली. निदान पंधरा दिवस पट्ट्याशिवाय बाहेर सोडू नये, कारण बावरलेले कुत्रे जुने घर शोधावयास निघते आणि त्याला वाटेतले मैल ठाऊक नसतात. जेवणाच्या वेळा त्याच ठेवाव्यात. भुलूने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता सासूबाईंनी डब्याचे झाकण उघडले. नव्या घराच्या स्वयंपाकघराला उंबराच नव्हता, सपाट फरशी होती. भुलू दारात येऊन घुटमळला. कोठे थांबावे ते त्याला समजेना. सासूबाई थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ये आत. इथे तुझी-माझी दोघांचीही ओळख नवीन आहे."

सासूबाई २०१९ साली गेल्या. भुलू त्यांच्यामागे तीन वर्षे होता.

भगिनींनो, ह्या सगळ्यातून मला एकच गोष्ट कळली. आपण गाव बदलतो तेव्हा का बदलतो हे आपणांस ठाऊक असते. जनावराला ते ठाऊक नसते. त्याला समजावूनही सांगता येत नाही. मग त्याच्याबरोबर काय द्यावयाचे? त्याच्या ओळखीचे जेवढे असेल तेवढे द्यावयाचे : ओळखीचा वास, ओळखीची जागा, ओळखीचा आवाज, आणि ओळखीची माणसे. पहिल्या तिन्ही गोष्टी टोपलीत मावतात. चौथी मात्र आपणच व्हावे लागते. आणि कोणाला खरोखरच नेणे शक्य नसेल, तर त्यालाही मी नावे ठेवणार नाही. पण मग रस्त्यावर सोडण्याऐवजी, ज्या घरी त्याला ठेवावयाचे तेथे महिनाभर आधीपासून त्याची ओळख करून द्यावी, आणि त्या घराच्या हाती गोधडीही द्यावी.

गुवाहाटीस निघालेल्या त्या भगिनीने आता केबिनसाठी अर्ज केला आहे, असे तिने मला आजच सांगितले. आमची वेताची टोपली अजून माळ्यावर आहे, मजबूत आहे. ती उद्या तिच्या घरी पाठविते. काम झाल्यावर तिने ती परत करावयाची नाही. पुढे ज्या घराला लागेल त्या घरी द्यावयाची.